नदीचं काम माथ्यापासून: सातारा-सांगलीत नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

गावातली तरुण मंडळी ओढा किंवा नदी जिवंत करायचं ठरवतात, तेव्हा पहिला फोन बहुधा पोकलेनवाल्याला जातो. वर्गणी निघते, पात्र रुंद आणि खोल होतं, पहिल्या पावसात पाणी तुंबलेलं दिसतं, फोटो निघतात. पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत तो खड्डा गाळानं भरून येतो आणि विहिरींची पातळी होती तिथंच राहते. एवढ्या लोकांची मेहनत आणि पैसा असा वाया जाताना बघवत नाही. म्हणून यंत्र बोलावण्याआधी नदीच्या आजूबाजूची जमीन कशी वाचायची, ते इथं क्रमानं सांगतो.

आधी एक हिशेब मांडा. १०० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि २ मीटर खोल खोदलं तर २,००० घनमीटर जागा तयार होते, म्हणजे २० लाख लिटर. माण-आटपाडीकडं वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असं धरलं, तर एका एकरावर वर्षभरात पडणारं पाणीही साधारण २० लाख लिटरच भरतं. खड्डा हंगामात एकापेक्षा जास्त वेळा भरेल हे खरं. पण लहानशा ओढ्यालाही शेकडो एकरांवरचं पाणी येतं. एका एकराच्या पावसासाठी सगळी वर्गणी खर्चायची, की त्या शेकडो एकरांकडं बघायचं? पुढचा सगळा लेख या प्रश्नाभोवती आहे.

पायरी १: आपली नदी कुठल्या मुलखातली, ते ठरवा

सातारा-सांगलीत एकच नुस्खा सगळीकडं चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत दहिवडीला पाचशेवर समाधान मानावं लागतं. ढोबळमानानं तीन मुलूख धरा.

पश्चिमेचा डोंगरी पट्टा म्हणजे महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळ्याचा वरचा भाग. कृष्णा, वेण्णा, कोयना, उरमोडी, वारणा इथूनच खाली येतात. इथं पाऊस पुष्कळ आहे, त्यामुळं आणखी पाणी मुरवायचा हट्ट धोक्याचा ठरू शकतो. तीव्र उतारावर आधीच भिजून जड झालेल्या मातीत चर खणले, तर तीच माती सुटून खाली येण्याची भीती असते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या, तो दिवस या भागात कुणी विसरणार नाही. इथलं खरं काम वरची राई आणि झाडोरा राखणं, कासपठारासारख्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारांवर, यंत्र न नेणं, झऱ्यांच्या डोक्यावरची जागा मोकळी ठेवणं आणि रस्त्यासाठी डोंगर कापला असेल तिथलं पाणी नीट वाट काढून उतरवणं. सडा उघडाबोडका दिसतो म्हणून त्यावर झाडं लावायचा मोह होतो. तो आवरा. जांभ्याच्या त्या पातळ मातीत जे गवत आणि फुलं उगवतात, तीच तिथली मूळ वनस्पती आहे.

मधला काळ्या मातीचा सपाट पट्टा म्हणजे कराडच्या खालचा कृष्णाकाठ: वाळवा, पलूस, मिरज. इथं ऊस आहे, बारमाही पाणी आहे आणि त्यापायी क्षारपड झालेली जमीनही आहे. जमिनीखालचं पाणी आधीच वर आलेलं असताना शेजारच्या ओढ्यात बंधारा घालून ते आणखी वर चढवलं, तर उरलेल्या शेतांतही खार फुटायला लागतो. या पट्ट्यात ओढ्याला निचऱ्याचं काम करू द्या. पाणी अडवण्यापेक्षा सांडपाणी थांबवणं, उसाला मोकाट पाण्याऐवजी ठिबक आणणं आणि पुराला जागा ठेवणं, हे नदीच्या जास्त उपयोगाचं.

पूर्वेचा कोरडा मुलूख म्हणजे माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. कुळकजाईच्या डोंगरातून निघणारी माण, खटावातून निघून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळणारी येरळा, खानापूर तालुक्यातून निघून तासगाव, कवठेमहांकाळवरून कर्नाटकात कृष्णेकडं जाणारी अग्रणी या इथल्या नद्या. ‘नदी कोरडी पडली’ ही तक्रार मुख्यतः याच मुलखातली, म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच डोळ्यांसमोर ठेवून लिहितो.

पायरी २: नकाशा काढा, मग पायी फिरा

अख्खी येरळा एकदम हातात घेऊ नका. तिला मिळणारा एखादा ओढा घ्या, ज्याचं सगळं पाणी एक-दोन गावांच्या शिवारातून येतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा टोपोशीट (जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा) मिळवा, भूमी अभिलेखातून गाव नकाशा घ्या, आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर किंवा गूगल अर्थवर तो ओढा खालून वर शोधत जा. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांचे माथे जोडणारी रेघ ओढा. या रेघेच्या आत पडलेला प्रत्येक थेंब तुमच्या ओढ्याचा. हा झाला पाणलोट.

मग चालायला लागा, आणि माथ्याकडून खाली चाला. खालून वर गेलं की नजर पात्रातच अडकते. वरून येताना आधी माळ दिसतो, त्यावर पावसानं पाडलेल्या ओघळी, त्या जिथं एकत्र येतात ती घळ, मग बांध फुटलेली शेतं आणि शेवटी ओढा. सोबत गावातला एखादा जुना शेतकरी आणि एखादा मेंढपाळ हवाच. कुठल्या खडकातून पूर्वी माघापर्यंत पाणी ठिबकायचं, कुठला डोह कधीच आटायचा नाही, हे धनगर मंडळींना जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याच नकाशात सापडत नाही.

फिरताना या गोष्टी टिपून ठेवा: माळावर गवत किती आहे, शेतं उताराला आडवी नांगरली आहेत की उभी, रस्त्याच्या मोऱ्या कुठं आहेत, आणि रस्त्याच्या किंवा कालव्याच्या भरावानं एखाद्या ओघळीचं पाणी दुसरीकडं वळवलंय का. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. भराव पडला की वरचा शंभर एकराचा उतार एका ओढ्यातून उचलून शेजारच्या ओढ्यात जातो. एकाचा घसा कोरडा पडतो, दुसऱ्याचे काठ तुटतात, आणि लोक मात्र पाऊस कमी झाला म्हणतात.

आणखी एक. एप्रिलमध्ये ओढा वाहताना दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा योजनांचं पाणी आवर्तनात ओढ्यांमधून सोडलं जातं. ते कृष्णेचं पाणी आहे, पंपानं चढवलेलं. आवर्तन बंद झाल्यावर किती दिवस धार टिकते, ते बघा. ओढ्याची स्वतःची ताकद तेवढीच.

एक फेरी जोराचा पाऊस पडत असताना किंवा थांबल्या थांबल्या मारा. कोरड्या दिवसांत चार वेळा हिंडून जे कळत नाही ते या एका फेरीत कळतं. प्रत्येक ओघळीच्या तोंडाशी काचेची बाटली भरा, त्यावर जागा लिहा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी बाटलीच्या बुडाशी बसलेला गाळ सांगतो की माती कुठल्या उतारावरून येते आहे. पहिलं काम तिथं काढा.

पायरी ३: विहिरीत डोकावून खडक वाचा

आपला सगळा मुलूख बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. पण तो एकसंध नाही. एखाद्या न बांधलेल्या विहिरीच्या काठावर उभं राहून आत बघा. वर हातभर माती, खाली पिवळसर मुरूम, त्याखाली भेगाळलेला मांजऱ्या, आणि मग काळा कठीण फत्तर. काही विहिरींत दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टीही दिसते. झरे कुठून येतात ते बघा. बहुतेक वेळा मुरूम-मांजऱ्यातून किंवा कठीण फत्तराच्या अगदी माथ्यावरून येतात. पाणी साठवायचं आणि पुढं सरकवायचं काम हाच वरचा मऊ थर करतो.

ओढा खोल करण्याचा निर्णय यावरच घ्यायचा. मुरूम खरवडून पात्र थेट काळ्या फत्तरात नेलं, तर तळाशी पाणी मुरणार कुठं? तिथं उघडं टाकं तयार होतं, आणि मेच्या उन्हात त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं. दुसरा धोका त्याहून मोठा. शेजारच्या विहिरींच्या पाण्याच्या पातळीपेक्षा ओढ्याचा तळ खाली गेला, की जमिनीतलं पाणी उलट ओढ्याकडं पाझरून येतं आणि वाहून जातं. लोकांना ओढ्यात पाणी दिसतं, काम यशस्वी झालं असं वाटतं, आणि काठावरच्या विहिरी नेहमीपेक्षा लवकर आटतात.

म्हणून ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या पाच-सहा विहिरी निवडा आणि दोरीला वजन बांधून पाण्याची खोली मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतील. तालुक्यात भूवैज्ञानिक येत असतील तर त्यांना एकदा शिवारात आणाच.

पायरी ४: काम माथ्यावर सुरू करा

‘माथा ते पायथा’ हे सगळ्यांना पाठ असतं, पण करायची वेळ आली की पायथ्यालाच गर्दी होते, कारण पायथ्याचं काम रस्त्यावरून दिसतं. कोरेगाव तालुक्यातलं वेळू २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिलं आलं, २०१८ मध्ये माणमधलं टाकेवाडी. या स्पर्धेत गावंच्या गावं श्रमदानाला बाहेर पडली आणि लोकांच्या हातांनी माळावर चर निघाले. क्षेत्र उपचार म्हणतात तो हाच.

माळावर सलग समतल चर घ्यायचे. समपातळी काढायला महाग यंत्र लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला बांधा, मध्ये आडवी पट्टी ठोका आणि शेंड्यावरून दगड बांधलेला दोरा सोडा. ही झाली ए-फ्रेम. आधी ती जमिनीवर उभी करून दोरा पट्टीवर कुठं येतो ते खुणा, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खुणा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण करा, ती समपातळीची. आता एक पाय जागेवर ठेवून दुसरा पाय फिरवत जा. दोरा मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत आहेत. तिथं फक्कीची खूण करा आणि पुढं सरका. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं, १०० मीटरमध्ये १८ हजार लिटर. निघालेली माती खालच्या अंगाला टाका आणि तिच्यावर गवताचं बी पेरा. पवन्या आणि डोंगरी गवतं चांगली. मुळं धरली नाहीत तर तीच माती पहिल्या वळवात परत चरात येते.

पण सगळा माळ चरांनी उकरू नका. जिथं गवत दाट आहे, तिथं पाणी तसंही मुरतंय. तिथं चर मारला तर चांगलं गवत मोडून वाईट काम केल्यासारखं होतं. हे माळ मोकळे दिसतात म्हणून पडीक समजले जातात. खरं तर लांडगा, खोकड आणि कितीतरी जमिनीवर घरटी करणारे पक्षी यावर जगतात, आणि मेंढरंही. चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत एकदम करू नका. आधी मेंढपाळांशी बसा, माळाचे तीन-चार भाग पाडा आणि दरवर्षी एक भाग राखायचा असं ठरवा. ज्यांची जनावरं तिथं चरतात ते सोबत नसतील, तर राखण करणार कोण?

माळाखाली शेतं. उताराला आडवी नांगरट आणि आडवी पेरणी, फुटलेल्या तालींची दुरुस्ती, आणि प्रत्येक बांधाला दगडी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. सांडवा नसलेला बांध फुटतोच, आणि एक फुटला की खालचे सगळे घेऊन जातो. घळीत छोटे दगडी बांध घाला, वरून खाली क्रमानं. या सगळ्या कामांना सरकारी रोजगार हमीतून मजुरी मिळू शकते, त्यासाठी ती ग्रामसभेतून आराखड्यात घालून घ्या.

पायरी ५: आता पात्र

वरचं काम एक-दोन हंगामांत मार्गी लागलं की पात्रात उतरा, आणि हात जपून चालवा.

वाळूला हात लावू नका. वाळूच्या आकारमानातला साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते. ती पावसात भरते आणि वरून वाळूचं पांघरूण असल्यानं ऊन आत शिरत नाही. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यातल्या तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी येरळेतल्या वाळूच्या लुटीविरुद्ध लढा दिला. थोडीच वाळू गावानं स्वतः विकून त्यातून बळीराजा स्मृती धरण उभं केलं आणि पाणी समन्यायानं वाटायचा नियम घालून दिला. वाळू ही नदीची ठेव आहे आणि तिच्यावर पहिला हक्क काठच्या गावाचा आहे, हे त्या लोकांनी एवढ्या आधी ओळखलं होतं. नदीचं काम करणाऱ्या प्रत्येकानं तिथं एकदा जाऊन यावं.

गाळ काढायचा असेल तर फक्त गाळ काढा. मुरूम लागला की थांबा. काढलेला गाळ काठावर ढीग लावून ठेवू नका, तो पुढच्या पुरात परत आत येतो आणि पुराचं पाणी शेजारच्या सखल जमिनीवर पसरायची वाट अडवतो. हलक्या मुरमाड शेतात तो गाळ पसरला तर मातीचंही भलं होतं.

वळणं सरळ करू नका. वळणांमुळं पाण्याचा एकूण वेग कमी होतो, बाहेरच्या अंगाला डोह पडतो, आतल्या अंगाला वाळू साचते. सरळ केलेला ओढा पाणी झपाट्यानं खालच्या गावावर ढकलतो.

काठावरची वेडी बाभूळ काढायची तर मुळासकट एकदम सगळी काढू नका. नाइलाजानं का होईना, तिनं काठ धरून ठेवलेला असतो. पट्ट्या-पट्ट्यानं काढा आणि मोकळ्या जागी वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी लावा, पाण्यालगत शेरणी आणि लव्हाळे. शेरणीचं झुडूप खडकाच्या फटीत रुततं, पूर अंगावरून गेला की वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. असा काठ कुठल्याही दगडी पिचिंगपेक्षा जास्त टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

कृष्णेच्या काठाला काम असेल तर आणखी एक काळजी घ्या. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या काठाच्या मातीत अंडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. नेमके तेच दिवस काठ खोदायचे आणि वीटभट्टीसाठी मळीची माती उचलायचे. वन विभागाला आधी विचारा.

पायरी ६: पुराची जागा नकाशावर दाखवा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. एवढं पाणी पात्रात मावत नाही, ते कुठंतरी पसरणारच. पूर्वी ते ओतांमध्ये (नदीकाठच्या सखल पट्ट्यांमध्ये), नाल्यांमध्ये आणि सखल शेतांत पसरायचं. त्या जागा भराव टाकून बांधल्या की तेच पाणी घरात येतं. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा मिळवा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. छोट्या ओढ्याला पूररेषा आखलेली नसेल, तर जुन्या लोकांकडून देवळाच्या पायऱ्या आणि झाडांची खोडं दाखवून घ्या आणि त्या खुणा गाव नकाशावर चढवा. ती जमीन खासगी असेल तर मालकाशी बोलून तिथं गवत, चारा किंवा पुरात तग धरणारं पीक ठेवता येतं. भराव मात्र नको.

पायरी ७: कागदपत्रं

ग्रामसभेचा ठराव, सातबारावरची मालकी आणि गायरान असेल तर तसा उल्लेख, वनजमीन लागत असेल तर वन विभागाची परवानगी, माती-मुरूम हलवायचा असेल तर तहसील कार्यालयातून गौण खनिजाची परवानगी, आणि बंधारा असेल तर जिल्हा परिषद किंवा मृद व जलसंधारण विभागाची तांत्रिक मान्यता. शासनानं २ ऑक्टोबर २०२२ ला ७५ नद्यांसाठी ‘चला जाणूया नदीला’ अभियान सुरू केलं. त्यात आपल्या भागात काम केलेले नदी समन्वयक शोधा, त्यांचे जुने नकाशे आणि ओळखी उपयोगी पडतात. वरच्या आणि खालच्या गावाला पहिल्या बैठकीपासून बोलवा. तुमच्या बंधाऱ्यामुळं आपलं पाणी तुटेल अशी भीती खालच्या गावाला असेल, तर ती आकडे दाखवूनच घालवता येते.

पायरी ८: मोजत राहा

विहिरींची पातळी आणि बाटल्यांतला गाळ तुम्ही मोजतच आहात. आता धार मोजा. ओढ्याचा सरळ भाग निवडून १० मीटर अंतर खुणा, लाकडाचा तुकडा सोडा आणि किती सेकंद लागतात ते बघा. समजा २५ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागावर पाणी जास्त वेगानं जातं म्हणून त्याला ०.८५ नं गुणा: ०.३४. ओढा २ मीटर रुंद आणि सरासरी २० सेंटिमीटर खोल असेल, तर पाण्याचा छेद २ × ०.२ म्हणजे ०.४ चौरस मीटर, आणि ०.३४ × ०.४ म्हणजे सेकंदाला सुमारे १३६ लिटर. दसऱ्यापासून दर पंधरवड्याला, त्याच जागी, त्याच माणसानं हे मोजावं आणि तारीख, आकडा, आवर्तन चालू होतं की बंद, हे वहीत लिहावं. गावात पर्जन्यमापक बसवा आणि त्याची नोंद शाळेतल्या मुलांकडं द्या.

दुसऱ्या वर्षी तेवढ्याच पावसात धार पंधरा दिवस जरी जास्त टिकली, तरी माथ्याचं काम लागू पडलं असं समजा आणि पुढचा उतार हाती घ्या. टिकली नाही, तर बाटल्यांकडं परत जा. बहुतेक वेळा एखादी ओघळ हातातून सुटलेली असते.